सरबताचा पाक: तार येण्याआधी गॅस बंद

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या हौसेनं सरबतासाठी बाटलीभर साखरेचा पाक करून ठेवला. पातेल्यात साखर, ती जेमतेम बुडेल एवढं पाणी, मोठा गॅस, आणि दर दोन मिनिटांनी बोटांत थेंब धरून तार येते का ते पाहणं. एक तार आली तशी मी खूश. पाक बाटलीत भरला, बाटली फ्रिजमध्ये गेली. तिसऱ्या दिवशी पाहुणे आले तेव्हा बाटलीच्या बुडाशी दोन बोटं खडीसाखर बसलेली आणि वरचा पाक काही केल्या बाटलीतून बाहेर येईना. सासूबाईंनी बाटली उजेडात धरली, उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हा तर रव्याच्या लाडवांचा पाक झाला. सरबताला एवढा कशाला शिजवलास?"

त्या एका वाक्यात या लेखाचा अर्धा भाग आला. आपल्याकडे पाक म्हटला की हात आपोआप तारेकडे जातो. लाडवांना एकतारी, वडीला गोळीबंद, गुलाबजामला नुसता चिकट. या सगळ्या पाकांत पाणी आटवायचं असतं आणि किती आटलं हे तारेवरून ओळखायचं असतं. सरबताच्या पाकाचं नेमकं उलटं आहे. इथं पाणी आटू द्यायचंच नाही. जेवढं पाणी घेतलं तेवढंच शेवटी राहिलं पाहिजे, आणि साखर विरघळली की काम संपलं. ज्यांना लाडू छान जमतात त्यांचाच सरबताचा पाक पहिल्यांदा बिघडतो, कारण त्यांना गॅस बंद करवत नाही.

मुळात एवढा खटाटोप का? साखर थेट ग्लासात घातली तर काय बिघडलं? थंड पाण्यात साखर मावत नाही असं नाही. अगदी बर्फाइतक्या गार पाण्यातही त्याच्या वजनाच्या पावणेदोनपट साखर विरघळू शकते. अडचण वेगाची आहे. गार पाण्यात ती इतकी सावकाश विरघळते की तुम्ही चमचा फिरवून थकता, पाहुणा पहिला घोट घेऊन आंबट तोंड करतो आणि शेवटच्या घोटाला त्याच्या दाताखाली साखर करकरते. पाक आधीच विरघळलेला असतो. तो गार सरबतात, ताकात, कोल्ड कॉफीत, बर्फाच्या चहात दोन फेऱ्यांत मिसळतो. आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला तीस जणी एकदम दारात उभ्या राहिल्या की पाकाची बाटली किती उपयोगी पडते हे वेगळं सांगायला नको.

प्रमाण, आणि वाटीची गंमत

नवख्यांनी एकच प्रमाण लक्षात ठेवावं: एकास एक, तेही वजनानं. ५०० ग्रॅम साखर, ५०० ग्रॅम पाणी. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे मापाच्या भांड्यातून ५०० मिली घेतलं तरी तेच. यातून सुमारे ८०० मिली पाक मिळतो. पूर्ण लिटर मिळत नाही, कारण साखरेच्या दाण्यांमधली हवा निघून जाते आणि विरघळलेली साखर तिच्या ढिगापेक्षा बरीच कमी जागा घेते. पहिल्यांदा करताना "उरलेला पाक गेला कुठे" असं वाटतं. तो कुठेही गेलेला नसतो.

वाटीनं मोजणाऱ्यांना मी हसणार नाही, मीही कित्येक वर्षं वाटीनंच मोजायचे. फक्त एवढं समजून घ्या की २०० मिलीच्या वाटीत पाणी २०० ग्रॅम बसतं, पण साखर साधारण १७० ग्रॅम. म्हणजे वाटीला वाटी केलेला पाक वजनाच्या हिशेबानं थोडा फिका होतो. चालतो, पण जरा जास्त घालावा लागतो आणि थोडा कमी टिकतो. वाटीनंच करायचा असेल तर साखरेची वाटी शीग लावून घ्या. आणि दोन्ही गोष्टी एकाच वाटीनं मोजा. साखर आमटीच्या वाटीनं आणि पाणी फुलपात्रानं असा कारभार नको.

दुसरा प्रकार घट्ट पाकाचा. त्यासाठी बहुतेक जण दोनास एक सांगतात: एक किलो साखरेला अर्धा लिटर पाणी. बाहेरच्या हवेत हे प्रमाण बरोबर काठावर असतं, कारण त्या पाण्यात त्याहून फार जास्त साखर मावतच नाही. तोच पाक फ्रिजमध्ये गार झाला की पाण्याची ऐपत थोडी कमी होते आणि जास्तीची साखर खड्यांच्या रूपानं बाहेर पडते. म्हणून मी एक किलो साखरेला ५७० ग्रॅम पाणी घेते, म्हणजे साधारण पावणेदोनास एक. तो फ्रिजमध्ये स्वच्छ राहतो, गोडीला दोनास एकच्या जवळपास असतो, आणि ओतताना बाटलीशी कुस्ती करावी लागत नाही.

मग घट्ट कधी करायचा? ज्याला महिनाभरापेक्षा जास्त टिकवायचा आहे त्याला, किंवा ज्याच्या सरबतात पाणी वाढायला नको त्याला. कोल्ड कॉफीला मला घट्टच आवडतो, पातळ पाकानं ती मिळमिळीत होते. लिंबाच्या सरबताला, सोड्याला, बर्फाच्या चहाला पातळ उत्तम. पहिल्यांदा पातळच करा.

काय काय लागेल

साखर नेहमीची दाणेदार. बारीक दाणा लवकर विरघळतो, मोठा सावकाश, गोडीत फरक नाही. बाजारची पिठीसाखर मात्र नको. तिच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पुष्कळदा त्यात मक्याचं पीठ मिसळलेलं असतं, आणि त्यानं पाक गढूळ होतो. घरी मिक्सरवर फिरवलेली साखर असेल तर हरकत नाही.

पाणी पिण्याचं, गाळलेलं. बोअरचं जड पाणी असेल तर पाकाला किंचित गढूळपणा आणि कधी खारट छटा येते.

पातेलं जाड बुडाचं, स्टीलचं. पुढे लिंबू घालणार असाल तर ॲल्युमिनियमचं किंवा कल्हई नसलेलं पितळेचं भांडं वापरू नका. घट्ट बसणारं झाकण, लांब दांड्याचा चमचा, चहाचं गाळणं आणि त्यावर अंथरायला धुतलेलं पातळ सुती फडकं. शिवाय स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा. तो नसेल तर पाक होतो, पण असेल तर पुढे सांगणार आहे ती युक्ती करता येते, आणि तिच्यासाठी तरी तो घ्यावा.

काचेची बाटली. तोंड फार अरुंद नको, धुता आली पाहिजे.

आधी बाटली

बहुतेक जण पाक झाल्यावर बाटली शोधायला लागतात. तोवर पाक निवतो, त्यावर धूळ बसते, आणि हाताला लागेल ती ओली बाटली घेतली जाते. म्हणून आधी बाटली. साबणानं धुवा, मोठ्या पातेल्यात गार पाण्यात आडवी ठेवा, पाणी उकळा आणि उकळी आल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या. गार पाण्यापासून सुरुवात केली म्हणजे काच तडकत नाही. झाकण धातूचं असेल तर तेही टाका. मग चिमट्यानं काढून स्वच्छ फडक्यावर उपडी ठेवा. आतून पुसू नका, पुसण्यानं फडक्यावरचं काही ना काही आत जातं. गरम बाटली आपली आपण वाळते.

आता पाक

रिकाम्या पातेल्याचं वजन करा आणि ते कुठंतरी लिहून ठेवा. समजा ६४० ग्रॅम भरलं. त्यात ५०० ग्रॅम पाणी घ्या, मध्यम आचेवर ठेवा. पाण्याला वाफा दिसू लागल्या, बोट बुडवायची हिंमत होणार नाही इतकं तापलं, की आच मंद करून साखर घाला. सगळी एकदम घातली तरी चालते, पण बुडाशी ढीग साचू न देता ढवळत राहा. पाणी तापवल्यावर साखर घालण्याचं कारण साधं आहे. गार पाण्यात आधीच घातलेली साखर बुडाला बसून राहते, आणि तुमचं लक्ष नसेल तर तिथंच तांबूस होते.

तीन-चार मिनिटांत पाणी दुधट दिसेनासं होऊन स्वच्छ होईल. चमच्यात थोडा पाक घेऊन उजेडात पाहा. एकही दाणा चमकला नाही की साखर विरघळली. पातेल्याच्या कडांना उडालेले दाणे चिकटलेले असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. पुढे पाकात पडलेला असा एक दाणा बाकीच्या साखरेला जमायला जागा देतो आणि खडे तिथूनच सुरू होतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे झाकण. आच थोडी वाढवा, झाकण ठेवा, एक उकळी येऊ द्या आणि मिनिटभर तशीच राहू द्या. आतली वाफ कडांवरून ओघळते आणि दाणे धुऊन खाली नेते. झाकणामुळे पाणीही फारसं उडत नाही. मिनिट झालं की गॅस बंद.

इथं हात आवरा. बोटांत धरून पाहायचंच असेल तर चमच्यातला थेंब आधी निवू द्या, मग पाहा. चिकट लागला पाहिजे, तार येता कामा नये. तार आली म्हणजे पाणी आटलं. उकळता पाक थेट बोटावर घेऊ नका आणि मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. उकळतं पाणी अंगावरून ओघळून जातं, पाक कातडीला चिकटून बसतो आणि भाजत राहतो.

आता काट्याची युक्ती. काट्यावर लाकडी पोळपाटासारखं काहीतरी ठेवून काटा शून्यावर आणा, त्यावर पातेलं झाकण काढून ठेवा. पातेलं ६४०, साखर ५००, पाणी ५००, म्हणजे आकडा १६४० यायला हवा. समजा १५८० आला, तर ६० ग्रॅम पाणी उडालं. तेवढं उकळलेलं पाणी परत घाला, ढवळा, पाक पुन्हा बरोबर एकास एक. आच किती होती, पातेलं किती पसरट होतं, मध्ये फोन आला होता का, या कशानंही मग फरक पडत नाही. ही युक्ती मला एका हलवायाच्या दुकानात काम केलेल्या काकांनी सांगितली. ते तारेवरून पाक ओळखण्यात पटाईत होते, आणि तरीही सरबताला वजनच करायचे.

पूर्वी पाकात चमचाभर दूध घालून मळी काढत असत. दुधातली प्रथिनं फाटून वर येताना साखरेतला कचरा गोळा करून आणतात, आणि ती काळपट साय पळीनं काढून टाकायची. हल्लीची साखर इतकी स्वच्छ असते की याची गरज क्वचितच पडते. वर फेस आला तर चमच्यानं काढा आणि पाक फडक्यातून गाळा, पुरे. टिकवायच्या पाकात दुधाचा अंश न गेलेलाच बरा.

घट्ट पाक करत असाल तर उकळी आल्यावर किलोभर साखरेला एक छोटा चमचा लिंबाचा रस घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं झाकून ठेवा. आंबटपणा आणि उष्णता यांमुळे थोडी साखर फुटून तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि असं मिश्रण सहजासहजी खडे धरत नाही. कोल्ड कॉफीसाठीच करणार असाल तर लिंबू घालू नका. एवढ्याशा रसानं दूध फाटायचं नाही, पण दुधाच्या पेयात तो धोका हवाच कशाला?

भरताना दोन गोष्टी

पाक गरम असताना गरम बाटलीत भरा. गार बाटलीत उकळता पाक ओतलात तर काच फुटेल. भरल्यावर झाकण लगेच घट्ट लावून फ्रिजमध्ये ढकलू नका. वाफ झाकणाला धरते, तिचे थेंब पाकाच्या वर पडतात आणि तिथं अगदी पातळ, फिक्या पाण्याचा थर तयार होतो. खालचा पाक गोड असल्यानं तग धरतो, पण बुरशीला वरचा तो थर पुरतो. म्हणून तोंडावर स्वच्छ फडकं टाकून पूर्ण निवू द्या, मग झाकण लावा, बाटली एकदा हलवा आणि फ्रिजमध्ये ठेवा.

बाटलीवर तारीख आणि प्रमाण लिहून चिकटवा. घरातल्यांना पाक आणि पाणी यांतला फरक दिसत नाही, हे मी अनुभवानं सांगते. एकदा आमच्याकडे चहाला चक्क पाक उकळला गेला होता.

एकास एक पाक फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे नीट राहतो, घट्ट पाक दोन-तीन महिने. एकास एक बाहेर ठेवू नका, मे महिन्यात तर नाहीच. त्यात निम्मं पाणीच आहे, आणि सूक्ष्म जीवांना जगायला तेवढं पुरतं.

ग्लासात किती घालायचा

एकास एक पाकाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ०.६ ग्रॅम साखर असते. म्हणजे १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात ९ ग्रॅम, साखरेचे सपाट दोन छोटे चमचे आणि थोडी वर. २०० मिली लिंबू सरबताला अर्धं लिंबू, दोन मोठे चमचे पाक आणि चिमूटभर मीठ, इथून सुरुवात करा आणि आपल्या जिभेप्रमाणे कमीजास्त करा. कुणाला साखर मोजून खावी लागत असेल तर हा हिशेब तोंडपाठ असावा. पाक दिसायला पाण्यासारखा असला तरी त्या दोन चमच्यांत १८ ग्रॅम साखर गेलेली असते.

पंचवीस माणसांचं सरबत करायचं तर याच आकड्यांनी: ७५० मिली पाक, बारा-तेरा लिंबं, दोन छोटे चमचे मीठ, आणि पाणी व बर्फ मिळून चार लिटर. म्हणजे वर सांगितलेला अर्धा किलो साखरेचा पाक एका कार्यक्रमाला पुरतो. आधी पाक, मग लिंबाचा रस आणि मीठ, नीट ढवळून शेवटी पाणी. पाक पाण्यापेक्षा जड असल्यानं शेवटी घातला तर सरळ बुडाशी जातो, आणि पहिल्या दहा जणांना आंबट नि शेवटच्या पाच जणांना गोडमिट्ट सरबत मिळतं. डाव बुडापासून वर आणत ढवळा.

घट्ट पाकातला तो एक छोटा चमचा सोडला, तर सरबताचा लिंबाचा रस पाकात घालून उकळू नका. वास उडतो आणि कडवटपणा येतो. लिंबं स्वस्त झाली की रसच टिकवायचा असेल, तर विस्तवाशिवाय करा. एक वाटी गाळलेल्या रसाला दोन, फार तर सव्वादोन वाट्या साखर, काचेच्या बरणीत, दिवसातून दोनदा लाकडी चमच्यानं ढवळायचं. तीन-चार दिवसांत साखर विरघळते. त्यापुढची साखर बुडाशी नुसती बसून राहते. मग बरणी फ्रिजमध्ये ठेवायची.

स्वाद

साधा पाक नीट जमल्यावरच इकडे या. वेलची सालासकट ठेचून गरम पाकात टाका, वीस मिनिटांनी गाळा. वेलचीची पूड घातली तर काळे कण राहतात आणि पूड पुढे बुडाशी बसते. आल्याच्या चकत्या अर्धा तास. आल्याचा रस काढून घालायचा झाला तर तो आधी वाटीत दहा मिनिटं स्थिर ठेवा, पांढरा साका खाली बसला की वरचा तेवढा घ्या. मात्र कच्च्या आल्याच्या रसाचा पाक गार दुधात घालू नका, आल्यातल्या घटकांनी दूध कडवट होतं आणि फाटूही शकतं. लिंबाची साल घालायची तर फक्त वरचा पिवळा भाग, खालचा पांढरा पापुद्रा कडू असतो. पुदिना गरम पाकात काळा पडतो, म्हणून पाक पूर्ण निवल्यावर पानं चुरगाळून टाका आणि तासाभरात गाळून घ्या.

वाळ्याचं सांगायलाच हवं. माठात टाकतो तीच मुळांची जुडी, दोन-तीनदा चोळून धुवायची, कारण तिच्यात माती फार असते. रात्रभर पिण्याच्या पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी ते पाणी फडक्यातून गाळून त्याचा पाक करायचा. रंग फिकट तपकिरी येतो. तो पाहून काही चुकलं असं समजू नका. दुकानातल्या सरबताचा हिरवागार रंग वाळ्याचा नसतो, तो वेगळा घातलेला असतो.

स्वादाचे पाक दोन आठवड्यांत संपवा. मुळं, पानं, साली यांच्याबरोबर पाकात जे जाऊ नये तेही थोडंफार जातंच.

गुळाचा पाक

कैरीच्या पन्ह्याला गूळच हवा हे माझं ठाम मत आहे, साखरेच्या पन्ह्याला मी सरबत म्हणते. गूळ किसून किंवा चिरून समान वजनाच्या पाण्यात मंद आचेवर विरघळवा, एक उकळी आणा आणि गरम असतानाच फडक्यातून गाळा. गाळल्यावर फडक्याकडे पाहा. उसाचे तंतू, बारीक खडे, कधी गोणपाटाचा धागाही सापडतो. हे सगळं न गाळता पन्ह्यात जात होतं या विचारानंच पुढच्या वेळी कंटाळा येत नाही. गुळाचा पाक साखरेच्या पाकाइतका टिकत नाही, दोन आठवडे धरा. गरम दुधात घातला तर दूध फाटण्याची शक्यता असते, म्हणून चहात घालायचा असेल तर चहा उकळून उतरवल्यावर घाला.

बिघडला तर

खडे धरले तर फेकू नका. बाटली कोमट पाण्यात उभी करून हळूहळू पाणी तापवा, पाक पातेल्यात काढा, दोन-तीन चमचे पाणी घालून पुन्हा एक उकळी आणा. जुन्या बाटलीत तसाच परत भरू नका, तिच्या आत चिकटलेले कण पुन्हा तोच उद्योग करतात. बाटली धुऊन घ्या.

पाक पिवळसर झाला असेल तर आच जास्त झाली. चवीला थोडा खरपूस लागेल, कॉफीत छान जातो. लिंबू सरबतात वापरू नका.

वर पांढरे धागे, कापसासारखा ठिपका किंवा पातळ साय दिसली तर ती बुरशी. तेवढी काढून बाकीचा वापरायचा मोह होतो, कारण साखर महाग आणि हात कष्टी. तरी सगळाच ओतून द्या. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला तर पाक आंबला. तोही गेला.

आणि मुंग्या. प्रत्येक वेळी ओतल्यावर बाटलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसा, तिथं वाळलेला पाक झाकणही चिकटवतो. कार्यक्रमाच्या दिवशी बाटली बाहेर राहणार असेल तर पाणी भरलेल्या ताटलीत उभी करा. लाडवांच्या डब्याला आजी करायची तेच.

विस्तवाशिवायचा पाक

माझं माहेर रत्नागिरीकडचं, त्यामुळे अमृत कोकम सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. एप्रिल-मेमध्ये रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकून गडद लाल होतात. ते धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून अर्धे फोडायचे आणि आतला गर-बिया बाजूला काढायच्या. सालींच्या वाट्या उरतात. त्या वाट्यांत साखर भरून काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत एकावर एक रचायच्या, प्रत्येक थरावर आणखी साखर. साखर सालींच्या वजनाच्या दीडपट तरी हवी, माझ्या माहेरी दुप्पट घालतात. पाण्याचा एक थेंबही नाही. हात ओला असेल तरी आई बरणीजवळ येऊ देत नसे.

बरणीच्या तोंडाला दादरा बांधून ती रोज उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत आणायची. साखर सालींतलं पाणी ओढून घेते, त्या पाण्यात स्वतः विरघळते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुडाशी माणकासारखा लाल पाक दिसू लागतो. रोज कोरड्या लाकडी चमच्यानं वरखाली करायचं. आठ-दहा दिवसांत साखर पूर्ण विरघळते आणि साली मऊ पडून आक्रसतात. मग गाळायचं, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडं मीठ घालून बाटल्या भरायच्या. साखर भरपूर आणि रस आंबट, त्यामुळे दुप्पट साखरेचं अमृत कोकम साध्या पाकापेक्षा कितीतरी जास्त टिकतं. तरी मुंबई-पुण्याच्या दमट-गरम घरांत फ्रिजच बरा. प्यायला एक भाग पाकाला चार-पाच भाग गार पाणी.

रातांबे मिळत नसतील तर बाजारच्या आमसुलांवर हा प्रयोग करू नका. ती आधीच वाळलेली असतात, त्यांच्यात साखरेला ओढायला पाणीच नसतं, आणि पुष्कळदा मीठही असतं. आमसुलं कोमट पाण्यात दोन तास भिजवा, कुस्करून गाळा आणि त्या पाण्यात आपला फ्रिजमधला एकास एक पाक घाला.

गाळून उरलेल्या साली टाकू नका. ताटात पसरून दोन दिवस कडक उन्हात वाळवल्या की आंबटगोड, चिवट आणि किंचित चिकट होतात. डब्यात भरून उंच फळीवर ठेवा. आमच्याकडे त्या पाकाच्या आधी संपतात.